हद्द सरकारने हलवली, निकाल मात्र बाईने शोधायचा!

एका बाईला स्वतःच्याच घटस्फोटाचा कागद हवा होता. तो मिळेपर्यंत पुण्याच्या पाच चकरा झाल्या. त्यातल्या तीन चकरांना मी सोबत होतो. पोस्ट लांब आहे, पण पुण्याच्या हद्दीलगत राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा. उद्या ही वेळ तुमच्या बहिणीवर येऊ शकते.

ताई माझ्या नात्यातल्या. नाव, गाव लिहीत नाही, लोक लगेच ओळखतील. २०१२ साली केस टाकली, २०१४ ला निकाल लागला. त्यानंतर धुणीभांडी करून पोरगी वाढवली. कोर्टाचं नाव काढायची कधी गरज पडली नाही. मग आलं लाडक्या बहिणीचं ई-केवायसी. त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर लागायचा. वडील वारलेले, नवरा सोडलेला. अशा बायकांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे जमा करा. तेव्हा दिलेली मुदत ३१ डिसेंबर होती.

आता पहिली गंमत बघा. 'घटस्फोट प्रमाणपत्र' नावाचा जन्मदाखल्यासारखा कागद कोर्ट देतच नाही. कोर्ट देतं तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री. ताईंकडची झेरॉक्स घर बदलताना गेली. वकीलसाहेब कोविडात गेले. केस नंबर आठवत नाही. आठवतं एवढंच, की "शिवाजीनगरला यायचो."

शिवाजीनगरला यायचो! अहो, पण कुठल्या दारातून?

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय आहे आणि जवळच कौटुंबिक न्यायालय, ज्याला आपण सगळे फॅमिली कोर्ट म्हणतो. त्याची आत्ताची इमारत २०१७ पासूनची. मेट्रोतून उतरलं की दोन्हीकडे चालत जाता येतं. पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरं आहेत. दोघांची नोंदवही वेगळी, नक्कल मागायची खिडकीही वेगळी.

ताई म्हणाल्या, "आमचं गाव महापालिकेत आहे ना? मग फॅमिली कोर्टच." मीही मान डोलावली. वीस वर्षं पत्रकारिता करून, पदविका घेऊन, मलाही तेच वाटलं. पहिल्या दोन चकरा तिथंच वाया गेल्या. खिडकीवरचा माणूस सज्जन होता. त्याने शोधलं आणि सांगितलं, "ताई, आमच्याकडे नाही."

का नाही? त्याचं उत्तर कायद्यात आहे आणि नकाशात आहे.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी ही न्यायालयं आणली. पुण्याचं १९८९ पासूनचं. त्याच्या हद्दीत घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे विषय त्याच्याकडे. हद्दीबाहेरच्या गावातला घटस्फोट मात्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. आता नकाशा बघा. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ ला आत घेतलेली गावं नंतर पुन्हा बाहेर काढली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे हद्द आत सरकते, बाहेरही सरकते.

निकाली निघालेली फाइल मात्र गावाबरोबर सरकत नाही. ज्या कोर्टाने निकाल दिला तिथंच राहते. ताईंची केस चालली तेव्हा त्यांच्या गावात ग्रामपंचायत होती. म्हणून आज पत्ता पुणे शहराचा आणि निकाल दिवाणी न्यायालयाच्या रेकॉर्डला. हे त्यांना कुणी कधी सांगितलं? महापालिकेने घरपट्टीचं बिल बरोबर पाठवलं. कोर्टाचं दार कोणतं, याचा कागद कुणी पाठवला नाही.

सूसचं उदाहरण घ्या. महापालिका पुण्याची, तालुका मुळशी, पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं. तिथल्या बाईला विचारा, तुझं शहर कोणतं. ती जे उत्तर देईल ते एका कार्यालयात बरोबर आणि दुसऱ्यात चूक!

त्यात एकाच संसाराचे कागद एकाच ठिकाणी असतील असंही नाही. घरगुती हिंसाचाराचा अर्ज साधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोटगी शहरात असेल तर फॅमिली कोर्टात, बाहेर असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. घटस्फोट तिसरीकडे. शिवाय हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न जिथं लागलं तिथं, जोडपं शेवटचं एकत्र जिथं राहिलं तिथं, समोरचा राहतो तिथं आणि २००३ पासून बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथंही केस टाकता येते. ही सोय बाईसाठीच आहे, चांगलीच आहे. पण दहा वर्षांनी कागद शोधायची वेळ आली की एवढी दारं ठोठवावी लागतात.

"सगळं ऑनलाइन आहे की आता!" असं म्हणणारे कमेंटमध्ये येणारच. आहे ना. ई-कोर्ट्सवर १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकला की केस समोर. तो नंबर ज्याच्याकडे आहे त्याला शोधायची गरजच काय? नंबर नसेल तर आधी न्यायालय निवडा. 'पुणे जिल्हा' निवडून फॅमिली कोर्टाची केस शोधत बसाल तर बसूनच राहाल, कारण फॅमिली कोर्टांचं नाव जिल्ह्यांच्याच यादीत वेगळं दिलंय. मग वर्ष टाका, नाव टाका. नाव माहेरचं की सासरचं? स्पेलिंग कोणतं? आठवी शिकलेल्या बाईने हे मोबाइलवर करायचं, तेही दुपारचं काम सोडून.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची. ताईंना विचारलं. त्यांना आठवत नाही. मिळाली असेल, वकिलांकडे राहिली असेल. प्रत दिली की काम संपलं असं व्यवस्था धरते. पण ती प्रत बाईच्या हातात पडली का, तिला 'हा कागद जन्मभर जप' असं कुणी सांगितलं का, हे कोण बघणार?

काहीजण म्हणतील, कौटुंबिक खटले खासगी असतात, ते असे उघडे कसे टाकायचे? अगदी मान्य. कायद्याने या सुनावण्या बंद दाराआड होतात आणि त्या छापायलाही मनाई आहे. मी पत्रकार आहे, तरी म्हणतो, ते दार माझ्यासाठी बंदच राहू दे. कुणाच्या संसाराची लक्तरं मला बघायची नाहीत. पण पक्षकाराला स्वतःची फाइल कुठे आहे हे सांगण्यात कुणाची गोपनीयता भंग होते? परक्यासाठी कुलूप हवं, मान्य. घरच्या माणसाला किल्ली तर द्याल?

मला कर्मचाऱ्यांवर राग काढायचा नाही. शेवटी फाइल शोधून दिली ती एका कर्मचाऱ्यानेच, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. पण माणूस चांगला भेटला म्हणून काम झालं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

म्हणून उच्च न्यायालय प्रशासन आणि राज्य सरकार, दोघांकडे चार साध्या मागण्या:

१. दोन्ही इमारतींत एक चौकशी खिडकी, जिथं ओळखपत्र दाखवून पक्षकाराला नावावरून दोन्हीकडची नोंद शोधून मिळेल.

२. हद्दीत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक गावाचं नाव, तारीख आणि त्या-त्या काळातलं न्यायालय, असा मराठी फलक कोर्टात आणि क्षेत्रीय कार्यालयात.

३. हुकूमनाम्याची मोफत प्रत पक्षकाराच्या हातात, सही घेऊन, आणि त्यावर केस नंबर ठळक.

४. योजनेसाठी घटस्फोटाची खात्री हवी असेल तर सरकारने ती कोर्टाकडून स्वतः करून घ्यावी. तोपर्यंत हप्ता थांबवू नये.

यात कुठेही नवा कायदा लागत नाही.

ताईंचा हिशेब सांगून थांबतो. पाच चकरा म्हणजे पाच दिवसांचा खाडा आणि एसटीचं भाडं. दोन घरची कामं सुटली. कशासाठी? महिना १५०० रुपयांसाठी. शेवटच्या चकरेला नक्कल हातात आली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, नवरा सोडायला एवढा त्रास झाला नव्हता."

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आजच विचारा, हुकूमनामा आहे का घरात? असेल तर केस नंबर वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. नसेल तर गाव महापालिकेत कधी आलं आणि केस कधी टाकली होती, या दोन तारखा आधी बघा. मग पुण्याची गाडी धरा.