नाहीतर चिंचोळीत जाशील

'लहानपणी कोणत्या पुस्तकांनी तुम्हाला घडवलं?' असा प्रश्न आला, की उत्तरं ठरलेली असतात. बहुतेकांची यादी 'श्यामची आई'पासून सुरू होते. मीही ते वाचलं होतं, रडलोही होतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर शाळेत माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम केला तो दोन गोष्टींनी : गाईडातल्या एका निबंधाने आणि शिक्षकांच्या एका वाक्याने. ते वाक्य होतं, 'अभ्यास कर, नाहीतर चिंचोळीत जाशील.'

सोलापूरहून पुण्याला निघालात की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. हे वाक्य ज्या वर्गात उच्चारलं जायचं, तिथल्या बऱ्याच पोरांचे आईबाप त्या क्षणी तिथेच कामावर असायचे. माझे पप्पाही. टॉवेलच्या कारखान्यात ते लूम चालवायचे, बारा तासांची पाळी.

सहावीत 'माझे बाबा' हा निबंध आला. गाईडातले बाबा सकाळी बॅग घेऊन ऑफिसला जायचे, संध्याकाळी खाऊ आणायचे, रविवारी बागेत न्यायचे. मी तेच उतरवून काढलं. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. मी आनंदाने वही घरी दाखवली. पप्पांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाले, "भारी लिवलंस की. पण ही माझी ब्याग कुठाय रे?" ते हसले. मग डब्याची पिशवी सायकलला अडकवून रात्रपाळीला गेले. मला त्या दिवशी लाज वाटली ती खोटं लिहिल्याची नाही, पिशवीची. शाळेतल्या वाचनाने मला दिलेली दृष्टी ती हीच.

पाठ्यपुस्तकांवरून आपल्याकडे दरवर्षी भांडणं होतात. अमुक लेखक का वगळला, तमुक कविता का घेतली, पाठ संस्कारक्षम आहे की नाही. ही भांडणं मला आता फारशी महत्त्वाची वाटत नाहीत. पाठ कुठलाही घ्या. त्याच्याखाली प्रश्न कोणता विचारता आणि त्याचं उत्तर पोराला स्वतःच्या घरातून देता येतं का, यावर सगळं ठरतं. आमच्या शाळेत ते देता येत नव्हतं.

एक उदाहरण माझ्याच धंद्यातलं. कॉम्प्युटरचा जनक कोण, तर चार्ल्स बॅबेज. एक गुण. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, की बॅबेजने आपल्या यंत्राला सूचना देण्यासाठी भोकं पाडलेल्या पत्त्यांची कल्पना घेतली ती जॅकार्डच्या मागावरून. म्हणजे १८०४च्या सुमाराच्या एका विणकामाच्या यंत्रावरून. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जॅकार्डवर निघते. अशा पत्त्यांच्या माळा माझ्या शहरातल्या मागांवर लटकत होत्या, आणि मी 'बॅबेज' हे उत्तर पाठ करत होतो. पप्पांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आधी आमचं, मग तुमचं." एवढं वाक्य ऐकायला मला विसावं वर्ष उजाडावं लागलं.

दुसरं उदाहरण इतिहासाचं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे. सोलापूरच्या पोराला ही नावं झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, मार्शल लॉ लागला, हेही सांगेल. पण तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार होते, 'गझनफर' हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन कामगारांत काम करायचे, हे आमच्या उत्तरांत कधी आलं नाही. हुतात्म्यांना हार, आणि कामगार म्हणजे अभ्यास न केल्याची शिक्षा! या दोन गोष्टी एकाच शाळेत, कधीकधी एकाच तासाला शिकवल्या जायच्या.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की त्या धाकामुळेच तू इंजिनिअर झालास. मान्य. बारा तासांच्या पाळीचं कौतुक करणारा मी नाही. पप्पांचे कान त्या आवाजात गेलेत. आपल्या पोराने तिथे येऊ नये असं त्यांनाही वाटत होतं. पण काम वाईट परिस्थितीत करावं लागतं असं सांगणं वेगळं आणि काम करणारा माणूस हरलेला आहे असं सांगणं वेगळं. शाळेने दुसरं सांगितलं. आणि धाकाचा फायदा झालेला मी एक. माझ्या बाकावरचे दोघं चिंचोळीतच गेले. पहिल्या दिवशी गेटातून आत शिरताना त्यांच्या डोक्यात कोणतं वाक्य असेल? पगार कमी दिला, सुट्टी कापली, तरी ते गप्प राहतात. आपण नापास झालो म्हणून इथे आहोत, हे त्यांना आधीच शिकवलेलं आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा : साठ पोरं, अपुरा वेळ, उत्तरपत्रिका एकसारखी तपासायची असते. खरं आहे. म्हणून मी नवं पुस्तक मागत नाही, सहलही मागत नाही. प्रश्न बदला. टॉवेलला दोन ताणे लागतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याचेच फास वर येतात आणि पाणी शोषतात. 'हे घरी कोणाला माहीत आहे? विचारून पाच ओळी लिहा.' याला खर्च नाही. शिवाय ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातल्या पोरालाही याचं उत्तर येतं.

तरुण वाचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना माझं म्हणणं आहे, की आम्ही वाचलं. नीट वाचलं, आणि त्यात आपलं घर नाही हेही नीट समजून घेतलं. मग बऱ्याच जणांनी वाचणं सोडलं.

'माझे बाबा' हा निबंध अजूनही विचारतात. सुरुवात तिथून करता येईल. वहीत बॅग दिसली, की पोराला जवळ बोलावून विचारायचं, 'ही खरंच तुझ्या बाबांची आहे का?' आणि गाईडातून उतरवलेली असेल, तर गुण कापायचे.