अ‍ॅव्हरेजचा दोष इंजिनालाच का?

पिकअप गाडी अ‍ॅव्हरेज देईनाशी झाली की दोष इंजिनाला नाहीतर डिझेलला दिला जातो. मागच्या अ‍ॅक्सलकडे आणि टायरकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. २३५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर असतो. त्याजागी ऐटीसाठी २६५/७५ आर १५ बसवला की तो ७७९ होतो. एवढ्या सहा टक्क्यांनी अ‍ॅक्सलचे ४.१ हे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.८६ सारखे वागू लागते. पंजाबातील सपाट महामार्गावर इंजिन संथ फिरून इंधन थोडे वाचेलही. हिमाचलच्या चढावर मात्र भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये आणावी लागते आणि ती बचत तिथेच संपते. रुंद टायरचे वजन आणि वाढलेल्या उंचीमुळे होणारा हवेचा विरोध, हा भुर्दंड निराळाच.

खरी फसगत करतो तो ओडोमीटर. तो जुन्याच व्यासाने मोजतो, म्हणून त्यावर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०६ धावलेली असते. लीटरला १२ भासणारे अ‍ॅव्हरेज वस्तुतः १२.७ असते. ही दुरुस्ती न करता केलेल्या तुलना निरर्थक होत. जाहिरातीतील आकड्याशेजारी अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि टायरचे माप छापणे सक्तीचे करावे. मालवाहतुकीवर पोट असलेल्या चालकाला, आपल्या रस्त्यासाठी कोणती गाडी घ्यावी, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.