नालंदेचा तांदूळ आणि आपली कमान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एक सूचना पुढे आली. प्रवेशद्वारी नालंदेच्या धर्तीवर विटांची भव्य कमान उभारावी, तिच्यावर देणगीदारांची नावे कोरावीत. सूचना प्रेमापोटी आली होती आणि टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागतही झाले. आम्ही शिक्षक मंडळी त्या दिवशी गप्प राहिलो. वर्षानुवर्षे फळ्यावर नालंदा शिकवली, पण आमच्यापैकी एकानेही ती पाहिलेली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही रेल्वेने नालंदेला जाऊन आलो. आता गप्प राहणे आम्हांला योग्य वाटत नाही.

मनमाडला गाडीत चढलो तेव्हाच आमची पहिली चूक ध्यानात आली. छठपूजेसाठी गावी निघालेल्या बिहारी कामगारांनी डबा ओसंडून वाहत होता. आरक्षण असूनही एकेका बाकावर पाच-पाच जण दाटीने बसले. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्याकडे गेली, त्यांचा सत्तू आमच्या मुलांकडे आला. नाशिकला गवंडीकाम करणारा एक तरुण नालंदा जिल्ह्यातलाच निघाला. आम्ही कुठे चाललो हे ऐकून त्याला हसू आले. "वहाँ तो खँडहर है, मास्टरजी," तो म्हणाला. पाचवीनंतर त्याची शाळा सुटली होती. जगभरातून विद्यार्थी ज्या भूमीकडे चालत येत, तिथली मुले आज विटा रचायला आपल्या महाराष्ट्रात येतात. पाठ्यपुस्तकातले नालंदेचे पान शिकवताना हे आम्हांला कधी सुचले नव्हते.

पाटण्याच्या पुढे बख्तियारपूर जंक्शनहून राजगीरकडे जाणारा फाटा दक्षिणेला वळतो. बख्तियार खिलजीच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या या स्थानकावरून नालंदेला जावे लागते, याची विद्यार्थ्यांनी आपसांत बरीच चर्चा केली. वाटेत बिहारशरीफ लागते. ओदंतपुरीचा महाविहार याच परिसरात होता. पुढे पावापुरी रोड आणि मग नालंदा. स्थानक इतके छोटे की घाई केली नसती तर अर्धे विद्यार्थी थेट खाज्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सिलावला पोहोचले असते. (परतताना ते पोहोचलेच, आणि खाज्याचे पुडे घेऊन आले.)

अवशेष पाहताना आधी डोळ्यांत भरते ती भव्यता. एका बाजूला विहारांची रांग, समोर मंदिरांची, मधून रस्ता. पण आमची मुले रेंगाळली ती विहारांत. चौकोनी अंगण, त्यात विहीर, सांडपाण्याची नाली आणि चारही बाजूंनी भिक्खूंच्या छोट्या खोल्या. भिंतीत दिव्यासाठी, पोथीसाठी कोनाडे. एका मुलाने खोली पावलांनी मोजली आणि निकाल दिला, "सर, हे तर आपलं वसतिगृहच आहे." अंगणातल्या चुलींपाशी एक मुलगी बराच वेळ उभी होती. तिची आई आपल्याच भोजनगृहात स्वयंपाक करते. तिने विचारले, "सर, इथे स्वयंपाक कोण करायचं? आणि धान्य कुठून यायचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हांला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. खरे तर तो आम्हीच त्यांना विचारायला हवा होता. चुलीपाशी कोण राबत होते, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. धान्याचे होते. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला तेव्हा शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला लावून दिलेले होते, असे त्याचे चरित्र सांगते. त्या गावांतून रोज तांदूळ, दूध आणि लोणी येई. त्याला स्वतःला मगधातला टपोरा, सुवासिक महाशाली तांदूळ मिळे. त्यानंतर आलेल्या इत्सिंगाने दोनशेहून अधिक गावे नोंदवली. नवव्या शतकातला देवपालाचा ताम्रपट तर अधिक बोलका आहे. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि देवपालाने त्यासाठी पाच गावे दिली. कशासाठी? भिक्खूंच्या भोजनासाठी, औषधपाण्यासाठी, धर्मग्रंथांच्या लेखनासाठी आणि विहाराच्या डागडुजीसाठी. बांधून देणाऱ्या राजालाही कळत होते की इमारत उभी करणे सोपे आणि ती चालवणे अवघड.

आम्ही वर्गात दहा हजार भिक्खूंचा आकडा छाती फुगवून सांगत आलो. तो ह्युएनत्संगाच्या चरित्रातला आहे. नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिलेला इत्सिंग मात्र तीन हजारांवर थांबतो. यापुढे आम्ही दोन्ही आकडे सांगणार आहोत. तीच गोष्ट द्वारपालांची. दारातच प्रश्न विचारून दहांतल्या सात-आठ जणांना परत पाठवले जाई, याचे कौतुक आम्हीही केले आहे. परंतु शतकानुशतके दारातूनच परत पाठवल्या गेलेल्यांची आपण लेकरे. बाबासाहेबांच्या पुढाकाराने 1925 साली सोलापूरला वसतिगृह निघाले, ते अशा परत पाठवलेल्यांना आत घेण्यासाठी. नालंदेचे सारे घ्यावे, पण तो दरवाजा घेऊ नये, असे आमचे मत आहे. कमानीविषयीचा आमचा पहिला संकोच इथला.

मग आगीचे काय, असा प्रश्न येणारच. बख्तियारच्या स्वारीची हकीकत लिहिणाऱ्या मिन्हाजच्या ग्रंथात वर्णन आहे ते बिहारच्या किल्ल्याचे. तो बहुधा ओदंतपुरीचा विहार होता. नालंदेचे नाव तिथे येत नाही. म्हणून विध्वंस झालाच नाही असे कोणी म्हणू लागले, तर त्यालाही आमचा विरोध आहे. बाबासाहेबांनी या आक्रमणांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला. मात्र ते तिथे थांबले नाहीत. तीच तलवार ब्राह्मणी धर्मावरही चालली, मग तो टिकला आणि बौद्ध धम्म का लोपला, असे त्यांनी विचारले. एक कारण त्यांनी असे दिले की पुरोहित जन्माने होतो, भिक्खूला मात्र दीक्षा द्यावी लागते. दीक्षा देणारेच उरले नाहीत, तर नवे भिक्खू कुठून येणार? शिक्षकांनी हे उत्तर पुन्हा पुन्हा वाचावे.

1234 च्या सुमारास तिबेटचा धर्मस्वामी मगधात आला. स्वारीला तीस वर्षे उलटून गेली होती. नालंदेत दोनच विहार वापरण्याजोगे उरले होते. त्यांत नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते. सैनिक येत असल्याचा निरोप जयदेव नावाच्या उपासकाने कैदेतून पाठवला. सगळे पळाले. धर्मस्वामी पळाला नाही, त्याने गुरूला पाठीवर घेतले. गुरूने बरोबर घ्यायला सांगितले ते काय? थोडी साखर, तांदळाचे गाठोडे आणि शिकत असलेल्या काही पोथ्या. दोघे जवळच्या मंदिरात लपले. सैनिक आले, शोधून परत गेले.

ही गोष्ट आम्ही अवशेषांतच, एका विहाराच्या अंगणात बसून सांगितली. त्यानंतर संग्रहालयात गेलो. तिथे उत्खननात सापडलेला जळका तांदूळ ठेवला आहे. काळे झालेले दाणे. मुलांनी एवढ्या शांततेत दुसरे काही पाहिल्याचे आम्हांला आठवत नाही.

आता कमानीकडे वळतो. आपल्या वसतिगृहाला पूर्वी सुगीनंतर गावोगावच्या उपासक-उपासिकांकडून ज्वारीची पोती येत. बैलगाडीतून ती उतरवून घेतलेले माजी विद्यार्थी या स्मरणिकेचे वाचक आहेत. आज पोती येत नाहीत. गावातले लोक शहरात गेले, हे त्याचे कारण आहे, आणि त्यात वाईट काही नाही, त्यासाठीच तर आपण शिकलो. पण शहरातून जी देणगी येते ती फरशीला, रंगाला, नामफलकाला येते. भोजनगृहाची उधारी दुकानदाराच्या वहीत राहते. ग्रंथालयाच्या दोन कपाटांना वाळवी लागली आहे आणि दोन विषयांचे शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात.

आमचा प्रस्ताव असा: कमानीसाठी जमलेला निधी बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावा. त्याच्या व्याजाची वाटणी देवपालाच्या ताम्रपटाप्रमाणे व्हावी, म्हणजे भोजन, औषध, ग्रंथ आणि डागडुजी. आम्ही त्यात पाचवी बाब जोडू, ती शिक्षकाची. प्रत्येक तालुक्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील एका महिन्याचे धान्य आपल्याकडे घ्यावे. त्यांची नावे कोरायचीच असतील, तर भोजनगृहाची भिंत मोकळी आहे. शिवाय दरवर्षी नववीचा वर्ग नालंदेला न्यावा, रेल्वेनेच न्यावा, फक्त छठच्या आठवड्यात नेऊ नये.

पुढील बैठकीत हा प्रस्ताव आम्ही लेखी मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी अवश्य यावे, जेवण वसतिगृहातच आहे.