पाटे बदलण्यापूर्वीं वजनकांटा

शेतमालाची ने-आण करणारी मोटार आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं बैलजोडीच्या योग्यतेस पोंचली आहे. चारी चाकें चालविणारी पिकप किंवा जुनी जीप ज्यांनीं घेतली, त्यांनीं ती हौसेखातर घेतलेली नाहीं. पावसाळ्यांतील चिखलवाट, काळ्या रानांतील गाळ आणि घाटांतील चढ डोळ्यांपुढें ठेवून घेतली आहे. अशा गाडीचे पाटे कांहीं हंगामांनंतर बसूं लागतात, शॉकॲब्सॉर्बर तेल गाळूं लागतात, आणि मग मालक गॅरेजांत जाऊन एकच मागणी करितो : “चांगले भक्कम पाटे घाला, दोन जास्तच घाला.” ह्या मागणीविरुद्ध प्रस्तुत लेख आहे. आमचें मत असें कीं, पाट्यांची निवड गॅरेजांत नव्हे, वजनकांट्यावर सुरू होते. आणि आपल्या गाडीच्या मागल्या आंसावर किती भार पडतो हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यानें नवे पाटे घेण्याची घाई करूं नये.

प्रथम ह्या दोन अवयवांचीं कामें नीट ओळखलीं पाहिजेत. भार तोलून धरणें हें पाट्यांचें काम. खड्ड्यांत दबलेला पाटा उसळून वर येतो, पुन्हां दबतो, पुन्हां उसळतो. ही उसळी आवरणें हें शॉकॲब्सॉर्बरचें काम. त्यास गॅरेजवाले ‘शॉकअप’ म्हणतात, व आपणहि तोच शब्द योजूं. शॉकअपच्या नळींत तेल असतें. दट्ट्या खालींवर होतांना तें बारीक छिद्रांतून जातें व उसळीचें बळ उष्णतेच्या रूपानें खर्ची पडतें. साधा शॉकअप भार उचलीत नाहीं. म्हणून गाडी मागें बसली असतां नुसते शॉकअप बदलणें म्हणजे खांब खचला असतां दार बदलण्यासारखें आहे. उलट, गाडी उसळते म्हणून पाटे वाढविणें त्याहून वाईट. कारण पाटा जितका ताठ, तितकी त्याची उसळी जोराची, व तिला आवरणारा शॉकअपहि तितकाच बळकट लागतो.

आतां वजनाचा हिशेब. नोंदणीपत्रांत दोन आंकडे असतात : रिकाम्या गाडीचें वजन आणि भारासहित कमाल वजन. समजा, पहिला १७०० किलो व दुसरा २९०० किलो आहे. मधलें अंतर १२०० किलो. परंतु गाडी हांकणारा, त्याचा सोबती, ताडपत्री व दोरखंड हीं सर्व ह्यांतच येतात. त्यांचे १५० किलो वजा करितां मालास १०५० किलो उरतात. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोंचा धरला तर ४७ क्रेट झाले. ४८ वा ठेवतांच मर्यादा ओलांडली. बाजाराच्या दिवशीं आपण ४७ वर थांबतों काय, ह्याचें उत्तर ज्यानें त्यानें स्वतःशींच द्यावें.

एकूण वजन कळल्यानेंहि काम भागत नाहीं. भरलेली गाडी प्रथम सबंध कांट्यावर घ्यावी. नंतर फक्त पुढलीं चाकें व मग फक्त मागलीं चाकें कांट्यावर ठेवून वजन करावें. हीच रीत रिकाम्या गाडीस लावावी. ह्या सहा आंकड्यांवरून प्रत्येक आंसावर काय घडतें तें स्पष्ट होतें. बैलगाडी भरणाऱ्यास हें शिकवावयास नको. ओझें आंसाच्या मागें गेलें कीं गाडी उलळते व जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. मोटारींतहि मागल्या आंसाच्या पाठीमागें रचलेला माल पुढलीं चाकें हलकीं करितो. मग स्टिअरिंग सैल लागतें, दिव्यांचा झोत वर उठून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो, आणि चढावर पुढल्या चाकांस पकड मिळत नाहीं. चारी चाकें चालविणारी गाडी घेऊन तिचीं दोनच चाकें कामास लावावीं, हा व्यवहार तोट्याचा आहे. ‘पाटे बसले’ ही तक्रार पुष्कळदां माल चुकीचा रचल्यामुळें उत्पन्न होते. आणि तिचा उपाय फुकट आहे.

दोन पाटे जास्त घातले तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. लांबी व रुंदी तीच ठेवली असतां जुडग्याचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो. पण जाडीच्या बाबतींत तो जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ७ मिलिमीटर जाडीच्या जागीं ८ मिलिमीटरचा पाटा बसविला तर तो जवळजवळ दीडपट ताठ होतो. डोळ्यांस हा फरक दिसत नाहीं. मालास मात्र तो जाणवतो. शेतमालाची गाडी बहुधा एक खेप भरून जाते व एक खेप रिकामी येते. भारासाठीं ताठ केलेला जुडगा रिकाम्या खेपेस दबतच नाहीं. खड्ड्यावरून मागलीं चाकें उड्या मारतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावतांच गाडी घसरते, आणि जो धक्का पाट्यांनीं गिळावयाचा तो चॅसीवर जाऊन कंसांच्या जोडापाशीं तडे पाडतो. थोडा माल घेऊन निघाल्यास द्राक्षांचे मणी गळतात, टोमॅटो खालच्या थरांत फुटतो. भाव आधींच पडलेला असतां हें नुकसान कोणत्याहि पावतींत दिसत नाहीं, पण तें होतें.

ह्याहून गंभीर गोष्ट ब्रेकांची. पुष्कळ पिकप गाड्यांत मागल्या ब्रेकांचा दाब भारानुसार कमीजास्त करणारी एक झडप असते. तिचा दांडा मागल्या आंसाशीं जोडलेला असतो. हौदा जितका खालीं बसतो तितका भार अधिक, असें ती समजते व मागल्या ब्रेकांस अधिक दाब सोडते. पाटे ताठ करून हौदा उंच ठेवला कीं भरलेली गाडीहि ह्या झडपेस रिकामी वाटते. मागले ब्रेक अपुरे लागतात, पुढल्यांवर ताण येतो, आणि घाट उतरतांना ते तापून निकामी होण्याची भीति असते. पाटे बदलल्यानंतर ही झडप कारखान्याच्या मापाप्रमाणें लावून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूं नये.

आमच्या मतें निवडीचा क्रम असा असावा. ज्याचा भार मर्यादेच्या पुरेसा आंत असतो, त्यानें मूळ मापाचाच नवा जुडगा घालावा. एक पाटाहि कमीजास्त करूं नये. ज्याची गाडी हंगामभर मर्यादेच्या कांठावर चालते, त्यानें त्या नमुन्याकरितां कारखान्यानें ठरविलेला ‘हेल्पर’ पाटा मिळतो कीं काय हें पाहावें. हा पाटा गाडी रिकामी असतां स्वस्थ राहतो, व भारानें मुख्य जुडगा दबला म्हणजे कामास लागतो. जाण्यायेण्याच्या दोन भिन्न भारांस हीच रचना युक्त होय. तिसरा प्रकार पॅराबोलिक पाट्यांचा. ह्यांत पाटे थोडे, पण मध्यें जाड व टोकांकडे पातळ होत गेलेले असतात. त्यांचें वजन कमी व चाल मऊ. मात्र जुन्या जुडग्यांत पाट्यावर पाटा घासून जी उसळी आपोआप मरते, ती ह्यांत फारशी मरत नाहीं. म्हणून असे पाटे घेणाऱ्यानें शॉकअपवर काटकसर करूं नये.

जुन्या पाट्यांस पुन्हां कमान देऊन घेण्याची रीत स्वस्त आहे. परंतु स्प्रिंगच्या पोलादास बेतानें पाणी दिलेलें असतें. भट्टींत लाल करून ठोकतांच तें उतरतें, व पुन्हां रीतसर पाणी न दिल्यास पाटा लवकरच बसतो किंवा मोडतो. थंड ठोकून कमान दिली तरी पोलादाचा थकवा जात नाहीं. मोडलेल्या पाट्यास वेल्डिंग करणें तर सर्वथा वर्ज्य. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस बसलेला जुडगा ठेवूं नये. गाडी तिरपी उभी राहते. जुडग्याबरोबर यू-बोल्ट व बुश नवे घ्यावे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतांना ते अखेरचे आवळावे, आणि पहिल्या कांहीं खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हां तपासून घ्यावे.

शॉकअप घेतांना प्रथम लांबी पाहावी. चाक पूर्ण दबण्यापूर्वीं रबरी गुटका टेकला पाहिजे, शॉकअपचा दट्ट्या तळाशीं आपटतां कामा नये. तसेंच चाक पूर्ण लोंबलें असतां त्याचें ओझें शॉकअपवर येऊं नये. दुसरी गोष्ट उष्णतेची. खडबडीत वाटेवर तेल तापून फेसाळतें, आणि फेसाळलेलें तेल उसळी आवरीत नाहीं. नायट्रोजन वायूचा दाब असलेल्या शॉकअपांत हा दोष कमी असतो. लांब व वाईट रस्त्यांवर सतत खेपा करणारास ते महाग असूनहि परवडतात. एका आंसाचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावे. नळीवर तेलाचा ओघळ, टायरावर जागोजाग पडलेले खळगे आणि खड्ड्यानंतर डोलत राहणारी गाडी, ह्या जीर्णतेच्या खुणा होत. हवा भरून गाडी मागून उचलणारे शॉकअपहि विकले जातात. त्यांनीं उचललेला भार शॉकअपच्या कानांवर येतो, आणि ते कान बहुतेक गाड्यांत उसळी आवरण्यापुरते केलेले असतात, ओझें तोलण्याकरितां नव्हे.

गाडी उंच करण्याच्या हौसेबद्दलहि दोन शब्द. विलीज जीपपासून महिंद्रच्या एमएम ५४० पर्यंत चारी चाकांवर पाटेच होते. २०१० सालीं निघालेल्या थारमध्यें मात्र पुढें पीळ घेणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, आला. असा दांडा असलेल्या गाडीची पुढली बाजू बोल्ट आवळून उचलतां येते. त्यानें उंची वाढते, दांड्याची ताकद वाढत नाहीं, आणि चाकास खालीं उतरावयास जागा उरत नाहीं. कोणत्याहि रीतीनें गाडी उंच केली कीं प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकांच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, व वळणावर भरलेली गाडी कलंडण्याचा संभव वाढतो.

येथें कोणी म्हणेल कीं, एका खेपेंत जास्त माल नेल्यावांचून डिझेलचा खर्च सुटत नाहीं. ही अडचण खरी आहे, व ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. परंतु कमाल वजनाची मर्यादा एकट्या पाट्यांची नसते. आंस, बेअरिंगें, ब्रेक, टायर व चॅसी ह्या सर्वांची मिळून ती ठरलेली असते. पाटे वाढविल्यानें फक्त गाडी बसल्याचें दिसत नाहीं; इतरांवरचा भार तसाच राहतो. घाटांत एकदां आंस मोडला म्हणजे दहा खेपांची बचत दुरुस्तींत व नासलेल्या मालांत जाते. कायदाहि हेंच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ११३ वें कलम वजनाची मर्यादा घालतें. ५२ वें कलम मूळ रचनेशीं विसंगत असे फेरबदल वर्ज्य करितें. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ वें कलम जादा भारास २०,००० रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड सांगतें. शेजाऱ्याशीं मिळून दुसरी खेप करणें ह्यापेक्षां स्वस्त पडतें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. ह्याच गाडीच्या हौद्यांत सकाळीं मजूर बायामाणसें उभीं करून शेतावर नेलीं जातात. मालाच्या गाडींत अशीं माणसें नेणें मुळांतच गैर व बेकायदा आहे. आणि ताठ पाट्यांवर उड्या मारणारा रिकामा हौदा त्यांस बाहेर फेंकावयास पुरेसा आहे. क्रेट फुटला तर तोटा होतो. येथें तोट्याची भाषाच अपुरी पडते. मालासाठीं मालाची गाडी व माणसांसाठीं माणसांची गाडी, हा नियम मालकांनीं स्वतःहून पाळला पाहिजे.

शेवटीं एक सूचना. जमिनीचा उतारा आपण जपून ठेवतों; तसें गाडीचें एक पान ठेवावें. त्यांत रिकाम्या व भरलेल्या गाडीचें आंसवार वजन, पाट्यांची संख्या व जाडी, सपाट जागीं चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंची, आणि पाटे व शॉकअप बदलल्याची तारीख लिहावी. ही उंची वर्षांतून दोनदां मोजली तर पाटा बसूं लागल्याचें तो मोडण्यापूर्वींच कळेल. आपल्या संस्थेनेंहि हंगामापूर्वीं एक दिवस नेमून सभासदांच्या गाड्यांचें आंसवार वजन करून द्यावें. ह्यास खर्च थोडा व उपयोग मोठा. ज्याच्या हातीं हें पान आहे, त्यास कोणता जुडगा घ्यावा हें विकणाऱ्यानें सांगावें लागणार नाहीं. आणि दोन पाटे जास्त घालण्याची गोष्ट बहुधा तो स्वतःच सोडून देईल.