आश्विन उजाडला की श्वास का अडतो?

भाद्रपदाची झड ओसरते, आकाश निवळते आणि अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेस सातपुड्याची रांग पुन्हा स्वच्छ दिसू लागते. शेतांत सोयाबीनची मळणी सुरू होते, पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात, पहाटेच्या हवेत गारवा येतो. वर्षातील हा मोठा सुखद काळ. परंतु ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्या घराला याच दिवसांची धास्ती असते. पहाटे तीन-चारच्या सुमारास मूल उठून बसते, छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येतो आणि आई त्याच्या पाठीवर हात ठेवून उजाडण्याची वाट पाहते. 'हवा बदलली म्हणून असे होते,' हे उत्तर आपण अनेकदा ऐकले असेल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणाची किंमत कधी कधी फार मोठी असते.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. रुग्णाला अगदी बरे वाटत असते, तेव्हाही ती बहुधा सौम्य रूपात टिकून राहते. अशी नलिका अतिसंवेदनशील बनते. निरोगी माणसाला जाणवणारही नाही अशा कारणाने तिच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणजे ऋतू हा राखेखालच्या निखाऱ्यावर घातलेली फुंकर होय. फुंकर थांबवणे आपल्या हाती नाही. निखारा विझवून ठेवणे मात्र पुष्कळ अंशी आहे.

ऋतूचा हा प्रभाव आपल्या पूर्वजांच्याही ध्यानात आला होता. चरकसंहितेत 'तमक श्वास' या व्याधीचे वर्णन आहे. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो व रुग्णाला आडवे होण्यापेक्षा बसून राहिल्याने आराम वाटतो, असे तेथे सांगितले आहे. वाग्भटाने सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून 'ऋतुसंधी' मानली आणि त्या काळात जपून राहण्यास सांगितले. आजचे वैद्यकशास्त्र त्यामागील कारणे उलगडून दाखवते.

पावसाळ्यापासून आरंभ करू. दमट हवेत गाद्या, उशा आणि गोधड्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक वाढतात. ओल आलेल्या भिंतींवर बुरशी धरते, तिचे बीजाणू हवेत तरंगतात. शाळा भरतात तशी सर्दीची साथ वर्गावर्गांतून फिरते, आणि सर्दीचे विषाणू हे मुलांमधील दम्याच्या झटक्याचे सर्वांत मोठे कारण आहे. पाऊस सरता सरता रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनींवर गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्याचे परागकण अनेकांना सोसत नाहीत.

आश्विनात यात मळणीच्या धुळीची भर पडते. तिचा संबंध हवेशी कसा जुळतो, याचे बोलके उदाहरण स्पेनमधील बार्सिलोना शहराचे आहे. १९८१ ते १९८७ या काळात तेथे २६ वेळा असे घडले, की एकाच दिवशी दम्याचे असंख्य रुग्ण अचानक रुग्णालयांत येऊन थडकले. कारण काही केल्या सापडेना. अखेर उलगडा झाला, की त्या त्या दिवशी बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवले जात होते आणि वारा मंद असल्याने त्याच्या टरफलांची धूळ शहरावर रेंगाळत होती. कोठारांवर गाळण्या बसवल्यानंतर ते प्रकार थांबले. सोयाबीन तेच, माणसे तीच. पण वारा पडला की धूळ घातक ठरते. आपल्या घरात दमा असेल, तर मळणी यंत्राजवळ किंवा कुटार भरण्याच्या कामावर त्या व्यक्तीला पाठवू नये. जावेच लागले, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे आणि नाकातोंडावर चांगला मास्क लावावा.

हिवाळ्यात कारण निराळे असते. नाक हे आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करते. तोंडाने घेतलेली थंड, कोरडी हवा मात्र थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचून त्यांचा ओलावा शोषते आणि नलिका आवळतात. शिवाय थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते. जणू गावावर झाकण बसते आणि शेकोट्या, चुली, जाळलेल्या पऱ्हाट्या यांचा धूर त्याखाली कोंडतो. म्हणून दम्याच्या रुग्णाने भल्या पहाटे फिरायला जाण्याचा आग्रह सोडावा. ऊन वर आल्यावर, नाकावर मफलर किंवा रुमाल घेऊन निघावे.

उन्हाळ्यात वऱ्हाडातील घराला कूलरवाचून गत्यंतर नसते. परंतु वर्षभर बंद राहिलेल्या कूलरच्या ताट्यांमध्ये बुरशी असते आणि पहिल्याच दिवशी ती खोलीभर पसरते. दर वर्षी ताट्या बदलाव्यात, टाकी घासून कोरडी करावी, पाणी वरचेवर बदलावे आणि झोत थेट तोंडावर घेऊ नये. वादळी पावसापूर्वीच्या सोसाट्याच्या वाऱ्यात बाहेर थांबू नये. अशा वादळात परागकण ओलावा शोषून फुटतात आणि त्यांचे सूक्ष्म कण खोल फुफ्फुसात शिरतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या अशाच वादळाने हजारो लोकांना रुग्णालयात धाडले आणि दहा जणांचा बळी घेतला.

आता मुख्य मुद्दा. दम्यावर दोन प्रकारचे 'पंप' असतात. एक तात्काळ आराम देतो, दुसरा रोज घेतल्याने सूज ओसरवतो. घरोघरी घडते ते असे, की उन्हाळ्यात बरे वाटले म्हणून रोजचा पंप बंद होतो, 'सवय लागेल' ही भीती असतेच, आणि मग पावसाळ्यात किंवा आश्विनात झटका येतो. पंपाची सवय लागत नाही. गोळीतील औषध मिलिग्रॅममध्ये मोजतात, फवाऱ्यातील मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे त्याच्या हजाराव्या भागात. केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून स्पष्टपणे सांगत आहेत. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

कोजागिरीला अनेक ठिकाणी खिरीतून दम्याचे औषध दिले जाते. श्रद्धेचा अवमान करण्याचे कारण नाही. परंतु रात्रभर गारव्यात जागरण करणे आणि त्या भरवशावर पंप सोडणे या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. आपल्या परिसरात पिकणाऱ्या पानपिंपरीला आयुर्वेदात खोकला व श्वासविकारांसाठी मानाचे स्थान आहे. ती वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावी, पण पंपाच्या जागी नव्हे.

आजपासून एक साधी गोष्ट करावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या रात्री खोकला किंवा धाप झाली, त्या तारखेला खूण करावी आणि शेजारी एकच शब्द लिहावा: धूळ, सर्दी, धूर, गारवा. वर्षभरात आपल्या माणसाचा वाईट महिना कोणता, हे उघड होईल. त्या महिन्याच्या आधी, साधारणतः मृगापूर्वी आणि दसऱ्यापूर्वी, डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी आणि झटका आल्यास काय करायचे, हे कागदावर लिहून घ्यावे.

झटका आलाच, तर रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. आराम देणारा पंप स्पेसरमधून, लिहून दिलेल्या मात्रेत, एकेक फवारा करून द्यावा. वीस मिनिटांत उतार नसेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. मोठे रुग्णालय अमरावतीला आहे, हा विचार पहाटे पाचला नव्हे, तीनलाच करायचा असतो.

ऋतू आपल्या गतीने येत-जात राहतील. मळणी होईल, थंडी पडेल, पुन्हा मृगाचे ढग येतील. घरातील श्वास मात्र त्यांच्या मर्जीवर सोडू नये, एवढीच आपणास विनंती.