आधी पदवी वाचा, मग नाव

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य



मीरा रोड स्टेशनपासून पूर्वेला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर नया नगर आहे. मुस्लिमबहुल, दाट वस्तीचं. 2024 च्या जानेवारीत ते बातम्यांत आलं, दंगलीमुळे आणि मागोमाग फिरलेल्या बुलडोझरमुळे. मला मात्र तिथल्या पदवीधर मुलामुलींविषयी बोलायचं आहे.

देशात विशीपुढच्या मुसलमानांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेले 4 टक्क्यांहूनही कमी आहेत, असं सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं. आज इथे बीकॉम, बीएमएस, आयटी केलेली मुलं जवळजवळ प्रत्येक इमारतीत भेटतात. कित्येक घरांतली ती पहिलीच पदवी. ‘शिकत नाहीत’ ही तक्रार त्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून खोडून काढली. आता पुढचं काम आपलं आहे.

कारण अडतं ते पदवीनंतर. आपल्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहसंशोधक पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा ठेवला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश निघाली. दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश. हे सगळं मुलाखतीच्या आधीच! उमेदवार बोलतो कसा, त्याला काय येतं, हे कोणी पाहिलेलंही नव्हतं.

‘संवाद कौशल्य’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ यांचे वर्ग जरूर घ्या. पण दोष फक्त मुलांमध्ये शोधून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्या विभागाच्या हाती बरंच काही आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन मिळतं. प्रशिक्षण संपल्यावर त्याच आस्थापनेने किती जणांना कायम ठेवलं, हे वस्तीनिहाय जाहीर व्हायला हवं. रोजगार मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांना एकच अट घाला: पहिल्या चाळणीत अर्जावर नाव आणि पत्ता नको, पदवी, गुण आणि अनुभव एवढंच दिसावं. याला कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

मीरा-भाईंदरमध्येच रुग्णालयं आहेत, बँका आहेत, हॉटेलं आहेत, भाईंदर पूर्वेला कारखान्यांचे गाळे आहेत. हिशेब ठेवणारी, संगणक हाताळणारी माणसं त्यांना लागतात. तरीही इथली मुलं पहाटेची लोकल पकडून अंधेरी, लोअर परळपर्यंत अर्ज देत फिरतात. मालक आणि उमेदवार एकाच शहरात राहून एकमेकांना भेटत नाहीत, आणि ही भेट घडवणं हे सरकारी रोजगार खात्याचं मूळ कामच आहे.

म्हणून एवढी विनंती. या शहरातला पुढचा रोजगार मेळावा नया नगरात भरवा, स्थानिक मालकांना स्वतः निमंत्रण द्या, आणि सहा महिन्यांनी किती जणांना नोकरी लागली तो आकडा लोकांसमोर ठेवा.

आपला,
मीरा रोडचा एक रहिवासी