गोळी, भोवळ आणि मांजर

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या दीड-दोन खोल्यांच्या अनेक घरांत रक्तदाबाची गोळी आणि पायांत घोटाळणारे मांजर एकत्र नांदतात. काही गोळ्यांमुळे झटकन उठताच रक्तदाब खाली येतो, भोवळ येते. त्याच क्षणी मांजर आडवे आले की म्हातारे माणूस पडते. दोष मांजराला, नाहीतर वयाला. औषधाचे नाव कुठेच नोंदले जात नाही, आणि माझा आक्षेप इथेच आहे. बाजारात येण्यापूर्वी औषध मोजक्या, निवडक माणसांवर तपासले जाते. अनेक आजार असलेले वृद्ध त्यांत थोडेच. औषधाचा खरा स्वभाव घरोघरीच कळतो. त्यासाठीच २०१० साली दुष्परिणाम नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे. फोनवरून नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे.

हे डॉक्टरांचे काम, असे कुणी म्हणेल. पण भोवळ पहाटे स्वयंपाकघरात येते, दवाखान्यात नव्हे. लोक घाबरून गोळ्या सोडतील, ही भीती मात्र रास्त आहे. न विचारता गोळी बंद करणे दुष्परिणामाहून घातक ठरू शकते. म्हणून त्रास आधी डॉक्टरांना सांगा, मग नोंदवा. आणि गोळ्या टेबलावर उघड्या ठेवू नका. मांजर त्या पंजाने खेळत खाली पाडते, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.